नॅरोगेजच्या डब्याला अजून एक हात

हेडक्लार्कसाहेबांनी रिटायर झाल्यावर पहिला निर्णय घेतला तो स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर द्यायचा. निर्णय तसा छोटासाच. पण छोट्या निर्णयांचंच वाईट असतं. मोठा निर्णय घेताना माणूस चारचौघांना विचारतो, छोटा आपला आपणच घेऊन मोकळा होतो.

साहेबांची सगळी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यांच्या टेबलावरून चुकीचा कागद कधी पुढे सरकला नाही. (बरोबर कागदही फारसा सरकला नाही, पण ते जाऊ द्या.) रिटायर झाल्यावर ती सगळी शिस्त त्यांच्याबरोबर घरी आली आणि तिला बसायला टेबल मिळेना. म्हणून मग तांदूळ एक, डाळ दोन, साखर तीन असं सुरू झालं. चहाचा नंबर शेवटचा लागला आणि चहा सगळ्यात वरच्या फळीवर गेला, कारण क्रम म्हणजे क्रम.

त्यांची बायको एका हॉस्पिटलात मेट्रन. वॉर्डात ती नुसती शिरली तरी पेशंट पांघरुणं नीट करायचे आणि शिकाऊ डॉक्टर खिशातले हात बाहेर काढायचे. त्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जायच्या घाईत मेट्रनबाईंनी चहाचा डबा शोधला, तो सापडल्यावर स्टुलावर चढून काढला, चहा केला, प्यायला आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. आता ही बाई बोलत नाही म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय, एवढं इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला कळायला हवं होतं. पण साहेबांना वाटलं, नंबर आवडले.

संध्याकाळी तिने त्यांना आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"अहो, नानांबद्दल बोलायचंय."

नाना म्हणजे तिचे वडील. छोट्या लायनीच्या कारखान्यात, म्हणजे नॅरोगेजच्या, त्यांनी जन्मभर गाडीचे डबे रंगवले. ती लाइन बंद पडली, रूळ उखडून नेले, तेव्हा नाना दोन दिवस चिडचिडले आणि मग बायकोबरोबर बाजारात जायला लागले. आता ती बायकोही गेली. लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं, तेव्हापासून ते बसायच्या खोलीतल्या डाव्या खिडकीशी खुर्ची टाकून बसून होते. पूर्वी हा माणूस हाक मारायचा ती तिसऱ्या गल्लीत ऐकू यायची. आता त्यांच्याकडे "हो", "नको" आणि "चालेल" एवढे तीनच शब्द उरले होते. ताट अर्धं परत यायचं.

(उजव्या खिडकीशी साहेब बसायचे. पण ते नानांसारखं नव्हे. साहेब विचार करत बसायचे.)

"असंच चाललं तर माणूस हातचा जाईल हो," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले.

नानांवर साहेबांचा जीव होता. लग्नाच्या वेळी मुलीकडच्या यच्चयावत मंडळींनी ह्या काडीपैलवान कारकुनाला नाक मुरडलं होतं. एकटे नाना म्हणाले होते, "पोरगा सरळ आहे. गाडी रुळावर राहील." एवढ्या एका वाक्यावर साहेबांचा संसार उभा होता.

"मी काय करू, सांग. वाटेल ते करतो."

"त्यांना कशात तरी गुंतवा. पण कळू देऊ नका. मुद्दाम चाललंय असं कळलं तर हट्टाने परत खिडकीत जाऊन बसतील. तुम्हालाच काहीतरी करायचंय आणि तुमचं अडतंय, असं दिसलं पाहिजे. एखादा गाडीचा डबा करा ना, त्या छोट्या लायनीचा. टेबलावर मावेल एवढा. नाहीतरी तुम्हाला सध्या डब्यांचा नाद लागलाय."

"अगं, पण मला हातोडीसुद्धा धरता येत नाही."

"तेच तर हवंय," मेट्रनबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब रंगाच्या दुकानात गेले. "काय रंगवायचंय?" दुकानदाराने विचारलं. "रेल्वेचा डबा," साहेब रुबाबात म्हणाले. दुकानदाराने खुशीने रंगाची बादली उचलली. "केवढा आहे?" साहेबांनी वीत करून दाखवली. दुकानदाराने बादली जागेवर ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

प्लायवूड, खळ, करवतीचं पातं असा सगळा पसारा साहेबांनी जेवणाच्या टेबलावर मांडला, तो मुद्दाम नानांच्या नजरेसमोर. मोठमोठ्याने सुस्कारे टाकायचे. "आता ह्या छताचं काय करावं बुवा!" असं भिंतीला विचारायचे. नाना खिडकीबाहेर बघत. साहेब बोटं कापून घेत. (हे नाटकात नव्हतं.) असं करता करता डबा उभा राहिला. म्हणजे उभा राहिला असं आपलं म्हणायचं. एक भिंत लांब, दुसरी आखूड, छत एका बाजूला कललेलं. पोटात कळ आलेला माणूस जसा भिंतीला टेकतो, तसा तो रंगाच्या डबीला टेकून होता. मग साहेबांनी बुटाला पॉलिश करायचा ब्रश घेतला, रंगात बुडवला आणि कोऱ्या लाकडावर सपकन ओढला. ब्रशचे चार केस डब्यालाच चिकटून राहिले.

"जावईबापू."

साहेब दचकले. आवाज डाव्या खिडकीतून आला होता.

"हे काय आहे?"

"डबा आहे, नाना. तुमच्या छोट्या लायनीचा."

नानांनी चष्मा लावला. उठले, टेबलापाशी आले आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

"अपघातानंतरचा का?"

इतका अपमान साहेबांचा खात्यातसुद्धा कोणी केला नव्हता, आणि इतका आनंदही त्यांना कधी झाला नव्हता. त्यांना हसू आवरेना आणि डोळे तर पाझरायला लागले. ते रंगाच्या वासाने, असं त्यांनी नानांना सांगितलं.

"कोऱ्या लाकडाला कोणी रंग लावतं का, शहाणे?" नाना करवादले. "आधी घासायचं. मग लांबीचा लगदा भरायचा, खड्डे बुजवायचे. परत घासायचं. मग अस्तर. ते वाळलं की रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा हात. घाईघाईत लग्नं होतात, डबे होत नाहीत. आणा तो कागद इकडे."

पॉलिशपेपर हातात आला आणि नानांची बोटं लाकडावर सराईतपणे फिरायला लागली. त्या दिवशी नानांनी ताट स्वच्छ केलं आणि वर भात मागून घेतला. मेट्रनबाई स्वयंपाकघरात साहेबांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "छान चाललंय. चालू ठेवा." साहेबांना वाटलं, आपल्याला एखादं पदक मिळायला हरकत नव्हती.

मग घराला कारखान्याची कळा आली. नानांनी डबा पहिल्यापासून मोडून सरळ केला. साहेब घासायचे, नाना तपासायचे. बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघायचे आणि "इथे पोकळ वाजतंय, लांबी भरा" म्हणायचे. बरोबर गप्पाही सुरू झाल्या. कारखान्यात नादुरुस्त होऊन आलेल्या डब्याला 'सिक' म्हणत, हे त्यांनी एकदा सांगितलं. त्याच्या पाठीवर खडूने मोठी फुली मारून ठेवत.

"एकदा फुली पडली, की तो डबा आपला," नाना म्हणाले. "तो बरा होईपर्यंत त्याला सोडायचा नाही. आणि फुली पुसायची ती आमच्या मुकादमाने, त्याची खात्री पटल्यावर. दुसऱ्या कोणी हात लावला तर कान उपटत असे."

दुसऱ्या दिवशी साहेबांना आपल्या खुर्चीच्या पाठीवर खडूची फुली दिसली. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली. संध्याकाळी परत तिथेच. नाना खडू चालतो का ते बघत असतील, असं म्हणून साहेबांनी तो विषय सोडून दिला.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. डबा पुरा होत आला. तपकिरी रंग, खिडक्यांखाली पिवळी रेघ, चिमुकल्या दारांना चिमुकल्या कड्या. नानांनी ब्रश धुतला. "उद्या वॉर्निश मारलं की झालं," म्हणाले आणि जाऊन डाव्या खिडकीशी बसले.

साहेबांनी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. झालं म्हणजे? डबा झाला की हा माणूस परत त्या खुर्चीत, परत तेच तीन शब्द आणि परत तेच अर्धं ताट. छे, डबा होता कामा नये!

दुपारी नाना वामकुक्षीला गेले तेव्हा साहेब टेबलापाशी आले. रंग ओला होता. त्यांनी अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. ज्या माणसाने जन्मात कागदावर एक काना चुकू दिला नाही, त्याला मुद्दाम चूक करायची म्हणजे काय संकट, ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही. शेवटी त्यांनी डोळे मिटले, "देवा, माफ कर" म्हटलं आणि अंगठा उमटवला.

संध्याकाळी नानांनी तो पाहिला. "अंगठा?"

"चुकून लागला, नाना."

"असू दे, असू दे. घासू, आणि अजून एक हात मारू. त्यात काय!"

रागावले तर नाहीतच, उलट म्हातारा खुशीत दिसला. पण रिकाम्या माणसाला काय, कशानेही आनंद होतो, असं साहेबांना वाटलं.

पहिली चूक जड जाते. नंतर हात बसतो. साहेबांनी दार उलटं बसवलं. एक चाक दिवसभर खिशात घेऊन फिरले आणि ते शोधायला नानांबरोबर स्वतः कपाटाखाली वाकले. आणि साहेब कमी पडायचे तिथे नाना पुरे पडत. "छे, छे, हा रंग नव्हेच," ते एके सकाळी म्हणाले. "आमचे डबे हिरवे होते." डबा हिरवा झाला. आठवडा गेला नाही तर म्हणाले, "हिरवे नंतर आले हो. आधी मातकट लाल." डबा लाल झाला. मग म्हणाले, लाल खरा, पण वरचा अर्धा भाग साईसारखा पांढरट.

साहेब मनातून हादरले. ज्या रंगात जन्म गेला तोच माणूस विसरत चाललाय! त्यांनी मेट्रनबाईंना गाठलं. "अगं, नानांची स्मरणशक्ती गेली. कालचा रंग आज आठवत नाही त्यांना."

मेट्रनबाई झटकन भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. "रडू नकोस गं," साहेब त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "मी आहे ना." त्यावर खांदे जास्तच हलले.

इकडे हातावर हात चढून डबा अंगाने भरायला लागला होता. खिडक्या इतक्या बुजल्या की आतल्या प्रवाशाला फक्त नाक बाहेर काढता आलं असतं. दारं रंगाखाली कायमची बंद. चाकं पोटाला घासायची.

"अहो, हा नॅरोगेजचा ना?" मेट्रनबाईंनी जेवताना विचारलं. "हा तर ब्रॉडगेजला निघालाय."

"पूर्वी डबे असेच भक्कम असत," नाना डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले.

मग तो दिवस उजाडला. मेट्रनबाई ड्यूटीवर गेल्या. आदल्या संध्याकाळी वॉर्निश लागलं होतं, अजून ओलसर होतं, आणि साहेब आज काय बिघडवावं याचा विचार करत भाजी आणायला निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं की पिशवी राहिली. परत आले, आपल्या किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजले.

नाना टेबलापाशी उभे होते. हातात एक कागद, कागदावर खिडकीच्या कट्ट्यावरची झाडून घेतलेली धूळ. आणि गरम चहावर फुंकर घालावी तशी ती धूळ ते हलकेच फुंकत होते, ओल्या वॉर्निशवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नाना! हे काय करताय?"

नाना बावरले नाहीत. कागद खाली ठेवून ते जवळ आले आणि त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काही झालं नाही हं, जावईबापू. घाबरायचं नाही. अजून भरपूर काम आहे. इतक्यात काही संपत नाही."

लहान मुलाला इंजेक्शनच्या आधी जो आवाज काढतात तो हा आवाज. साहेबांनी तो लगेच ओळखला, कारण इतके दिवस नानांशी बोलताना ते स्वतः हाच आवाज काढत होते.

"अहो, पण तुम्ही मुद्दाम धूळ—"

"आणि तुमचा अंगठा? तो चुकून होय?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्हाला कसं कळलं?"

"चुकून लागलेला अंगठा घसरतो. तुमचा कसा, अगदी सरळ, मधोमध, शिक्का मारल्यासारखा."

"मी ते तुमच्यासाठी केलं, नाना!"

"आणि मी हे तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय?"

नाना त्यांच्याकडे अतिशय मायेने बघत राहिले. "काही नाही हो. पोरगी म्हणाली, रिटायर झाल्यापासून ह्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. दिवसभर खिडकीत बसून असतात, नाहीतर डब्यांना नंबर देतात. म्हणाली, नाना, तुम्हीच त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा, पण कळू देऊ नका. असंच चाललं तर माणूस हातचा जाईल. डोळ्यांत पाणी होतं तिच्या."

"हातचा जाईल म्हणाली?"

"हो."

"हेच शब्द?"

"हेच."

यावर दोघेही खाली बसले. जेवणाची वेळ झाली तसे उठले, सकाळचं होतं ते वाढून घेऊन न बोलता जेवले आणि परत येऊन बसले. मेट्रनबाई घरी आल्या तेव्हा सासरे-जावई सोफ्यावर शेजारी शेजारी, हाताची घडी घालून, तोंडं फुगवून तयार होते. समोर धुळकट डबा. बाईंनी डबा बघितला, दोघांची तोंडं बघितली, रिकामी पिशवी बघितली.

"कळलं वाटतं," त्या म्हणाल्या आणि आधी हात धुवायला गेल्या. परत आल्या त्या पुसत पुसतच. "म्हणजे भाजी आणली नाहीत."

"भाजी राहू दे बाजूला!" साहेब उसळले. "आम्हा दोघांना एकमेकांच्या पाठीमागे—"

"वॉर्डात असंच करतो आम्ही," मेट्रनबाई खुर्ची ओढून बसल्या. "दोन पेशंट रुसून बसले, जेवत नाहीत, औषधाला हात लावत नाहीत, की त्यांच्या खाटा शेजारी शेजारी लावायच्या. ह्याला सांगायचं, त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा हं. आणि त्याला सांगायचं, ह्याच्याकडे. दुसऱ्याला भरवायच्या नादात दोघंही जेवतात."

"म्हणजे आमच्याशी खोटं बोललीस."

"एक अक्षर खोटं नाही!" बाईंचा आवाज एकदम चढला आणि मधेच अडखळला. "आई गेली. त्याच महिन्यात तुम्ही ऑफिसातून घरी आलात, ते स्वतःला तिथेच विसरून आलात. सकाळी मी दाराला कडी लावायची तेव्हा ह्या खिडकीत एक माणूस, त्या खिडकीत एक माणूस. दोघंही माझेच. कोणाला आधी हलवू? पाय निघत नसे हो माझा. जिना उतरताना रोज रडायची मी."

साहेब पायाच्या बोटांकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत त्यांना नानांचं अर्धं ताट दिसलं होतं, आपलं दिसलं नव्हतं.

"मी चहा टाकतो," साहेब खाकरून म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले. सवयीने स्टूल ओढलं, वरच्या फळीला हात घातला, तर तिथे चहा नव्हता. तो खाली ओट्याजवळ होता, साखरेच्या शेजारी, पूर्वीच्या जागी. एकाही डब्यावर नंबर नव्हता. ते कधी निघाले, कोणी काढले, देव जाणे. साहेबांचं लक्षच नव्हतं.

चहा पिता पिता त्यांचा मूळ स्वभाव वर आला. "ठीक आहे," ते म्हणाले. "एकूण दोन्ही पेशंट बरे झाले म्हणायचे. आधी कोण बरं झालं, एवढं फक्त सांग. मी की नाना?"

"नाना पहिल्या पंधरवड्यातच बरे झाले," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला म्हणाले सुद्धा, मी आता माझ्या घरी जाऊन राहतो, पण ह्या बिचाऱ्याला असं अर्धवट सोडून कसा जाऊ?"

नाना बशीत चहा ओतण्यात गर्क झाले. ते हिरवे डबे, तो मातकट लाल, ते साईसारखं पांढरट, सगळं एकेक करून साहेबांच्या डोळ्यांसमोरून गेलं. हा म्हातारा काहीसुद्धा विसरला नव्हता. स्वतःचं घर सोडून तो इथे थांबला होता, जावयासाठी. काही बोलावं म्हणून साहेब उठले आणि उजव्या खिडकीशी गेले, तर खुर्चीच्या पाठीवर ती फुली.

"नाना," ते सावकाश म्हणाले, "ही फुली खुर्चीला नव्हती तर."

"खुर्चीला काय झालंय? खुर्ची चांगली मजबूत आहे."

साहेबांनी स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं आणि नानांच्या हातात दिलं. "मग आता पुसून टाका. तुमच्याच हाताने."

नानांनी चष्मा लावला. साहेबांना पाठमोरं उभं केलं. वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, थोडं सरकून पुन्हा टकटक केलं. मेट्रनबाईसुद्धा कप खाली ठेवून बघत राहिल्या.

नानांनी फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"पोकळ वाजतंय," ते म्हणाले. "अजून एक हात लागेल."